इटली पहिल्यांदा बघताना: तीन शहरं, अकरा रात्री

इटलीला पहिल्यांदा निघालेल्या कुणीही आपला कार्यक्रम दाखवला, की मी आधी त्यातली शहरं मोजते. मिलान, व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स, वर कापरी बेट. आणि दिवस नऊ. असा प्रवास मी केलेला आहे, आईला घेऊन. परत आल्यावर तिच्या लक्षात राहिली ती बसच्या खिडकीतून दिसलेली सुरूसारखी उंच झाडं आणि रोज सकाळी बॅग भरण्याची घाई. दुसऱ्या वेळी तीनच शहरं ठरवली, तेव्हा कुठे तो देश दिसायला लागला. पुढे लिहिलंय ते त्या दुसऱ्या प्रवासाच्या रीतीने.

कमी शहरं घ्या असं म्हणण्यामागे थकव्यापेक्षा मोठं कारण आहे. इटली हे एक राष्ट्र झालं ते १८६१ मध्ये. रोम त्यात आलं १८७० मध्ये. त्याआधी शेकडो वर्षं फ्लॉरेन्स, व्हेनिस, नेपल्स, सिएना ही आपापली राज्यं होती आणि प्रत्येकाची बोली, नाणं, स्वयंपाक, चित्रं काढण्याची पद्धत निराळी होती. आजही तिथला माणूस आधी आपल्या गावाचा असतो. त्यांच्याकडे यासाठी ‘काम्पानिलिझ्मो’ असा शब्द आहे. काम्पानिले म्हणजे चर्चच्या घंटेचा मनोरा. ज्या मनोऱ्याची घंटा ऐकत वाढलो तेवढं जग आपलं, असा तो अभिमान. कोल्हापूरकर, पुणेकर, नागपूरकर या शब्दांतला ठसका ज्याला कळतो त्याला हे वेगळं समजावायला नको. तेव्हा ‘इटली बघितली’ असं एका फेरीत होत नाही. तीन गावं नीट बघता येतात.

महिना ठरवताना

एप्रिल, मेचा पहिला पंधरवडा आणि ऑक्टोबर हे सगळ्यात चांगले दिवस. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरअखेरीस आली तर मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी ती उत्तमच. हवा गार असते आणि उन्हाळ्यातली गर्दी ओसरलेली असते. फक्त १ नोव्हेंबरला तिथे सार्वजनिक सुट्टी असते हे ध्यानात ठेवा. ईस्टरच्या आठवड्यात रोम टाळा. २५ एप्रिल, १ मे आणि २ जून या सुट्ट्यांना लागून शनिवार-रविवार आला, तर इटलीतलेच लोक मोठ्या संख्येने बाहेर पडतात.

ऑगस्टमध्ये जाऊ नका. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे प्राचीन चौकाच्या अवशेषांत, दुपारी सावली मिळत नाही. शिवाय १५ ऑगस्टला त्यांचा ‘फेर्रागोस्तो’ असतो. त्याच्या आगेमागे शहरातली घरगुती खानावळी, दुकानं बंद करून लोक समुद्रावर जातात. तुम्ही पोचता तेव्हा शहरात पर्यटकच उरलेले असतात.

व्हिसा आणि कागदपत्रं

इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. सुट्ट्यांच्या हंगामात भेटीची वेळ मिळणंच अवघड होतं, म्हणून तीन महिने आधी हात घाला. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, वर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा सक्तीचा आहे. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. एकाहून जास्त शेंगेन देश बघणार असाल, तर जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

मार्ग आखताना

विमानाचं तिकीट काढताना जायचं एका शहरात आणि परतायचं दुसऱ्यातून, असं बघा. मी सुचवते तो क्रम असा: रोमला उतरून त्याच दिवशी थेट नेपल्स, तिथे तीन रात्री. मग रोममध्ये चार. मग फ्लॉरेन्समध्ये चार, आणि तिथून किंवा मिलानहून परत. दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलं की काळही साधारण ओळीने उलगडतो: आधी प्राचीन, मग ख्रिस्ती रोम, मग पुनरुज्जीवनाचा काळ.

शहरांमध्ये रेल्वेने जा. जलद गाडीने नेपल्स ते रोम सव्वा तास, रोम ते फ्लॉरेन्स दीड तास. त्रेनितालिया ही सरकारी आणि इतालो ही खासगी, अशा दोन कंपन्या एकाच मार्गावर धावतात. यांचे दर विमानासारखे वरखाली होतात, त्यामुळे दोन-तीन महिने आधी काढलं तर निम्म्याहून कमी पैशांत काम होतं. जवळच्या गावांना जाणाऱ्या प्रादेशिक गाड्यांचं भाडं मात्र ठरलेलं असतं, ते तिकीट ऐनवेळी घेतलं तरी चालतं. इथेच बहुतेक नवखे फसतात. त्या गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो, आणि ‘आम्ही परदेशी, माहीत नव्हतं’ हे तपासनीस ऐकून घेत नाही. मोबाइलवरचं तिकीटही गाडी सुटण्याआधी सुरू करावं लागतं.

संप तिथे आधी जाहीर होतात. ‘शोपेरो’ हा शब्द दिसला की तारीख बघा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात, तेव्हा प्रवास त्या वेळेत बसवा.

गाडी भाड्याने घेऊ नका, निदान या तीन शहरांसाठी नको. जुन्या शहरभागांत बाहेरच्या वाहनांना बंदी असते, वेशीवर कॅमेरे असतात आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते.

व्हेनिस का वगळलं, हा प्रश्न येणारच. व्हेनिस मला अतिशय प्रिय आहे, आणि म्हणूनच ते पाच तासांत बघू नये असं वाटतं. दिवसाची गर्दी संध्याकाळी परतली की ते शहर स्वतःचं होतं. तिथे दोन रात्री देता येत असतील तर नेपल्सच्या जागी घ्या. काही ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना आता प्रवेशशुल्क भरावं लागतं, मुक्काम करणाऱ्यांना ते नाही.

आधी काढून ठेवायची तिकिटं

चार ठिकाणांची तिकिटं भारतातूनच काढा: कोलोसियम, व्हॅटिकनची संग्रहालयं, फ्लॉरेन्समधलं उफ्फित्सी हे चित्रसंग्रहालय आणि मायकलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती आकादेमिया. कोलोसियम आणि नेपल्सजवळच्या पाँपेई या प्राचीन नगरीची तिकिटं नावावर असतात, दारात पासपोर्ट दाखवावा लागतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. शोधताना सगळ्यात वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट मध्यस्थांच्या असतात आणि त्यांचा दर दुप्पटही असतो. शांतपणे अधिकृत साइट शोधा.

बंद असण्याचे वार वहीत लिहून ठेवा. उफ्फित्सी आणि आकादेमिया सोमवारी बंद, नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा सोडून बाकीच्या रविवारी. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, पण त्या दिवशी कोलोसियमला रांग लावू नका. एखादं छोटं संग्रहालय त्या दिवशी गाठा.

सामानाचं एकच सांगते: बॅग अशी घ्या की ती स्वतः उचलून तीन जिने चढता येईल. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते आणि रस्ते दगडांचे असतात. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. हलकी ओढणी किंवा उपरणं पिशवीत असलं की काम भागतं.

दिवस त्यांच्या घड्याळाने लावा

मोठी चर्च दिवसभर उघडी असतात, छोटी दुपारी साधारण साडेबारा ते साडेतीन-चार बंद. खानावळींत जेवण साडेबारा ते अडीच, आणि मग रात्री साडेसातनंतरच. मधल्या वेळात जेवण मागत फिरलात तर फक्त पर्यटकांसाठी उघडी ठेवलेली ठिकाणं सापडतील, आणि तिथलं अन्न खाऊन इटलीबद्दल मत बनवू नये. म्हणून सकाळी आठला बाहेर पडा, एक वाजता जेवा, दुपारी खोलीवर पडा, पाचला पुन्हा निघा. तोवर सगळं गाव रस्त्यावर आलेलं असतं. आजी-आजोबा, तान्ही मुलं, नुकतंच लग्न झालेली जोडपी, सगळे नीटनेटके कपडे घालून चौकात फेऱ्या मारतात, थांबतात, बोलतात. याला ते ‘पासेज्जाता’ म्हणतात. त्यात मिसळायला पैसे पडत नाहीत, आणि त्या लोकांचं एकमेकांशी असलेलं नातं इतकं उघडपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

दुकानात पाऊल टाकताना ‘ब्वोन्जोर्नो’ म्हणा, संध्याकाळी ‘ब्वोनासेरा’. न बोलता आत शिरून वस्तू चाळायला लागणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. ‘चाव’ हे ओळखीच्यांसाठी, बरोबरीच्यांसाठी. वयस्कर माणसाला एकदम ‘चाव’ म्हणणं म्हणजे आपल्याकडे अनोळखी काकांना अरेतुरे करणं. त्यांच्या भाषेतही आदरार्थी रूप आहे आणि ते पाळलं जातं. भाजीवाल्याकडच्या फळांना हात लावू नका, काय हवं ते सांगा, तो निवडून देतो.

नेपल्स: भोकरदनची ओळख

नेपल्सचं नाव काढलं की लोक दचकतात. गलका, स्कूटर, दोरीवर वाळणारे कपडे, भिंतीतल्या कोनाड्यात मरियमची मूर्ती आणि तिच्यापुढे दिवा. भुलेश्वरच्या गल्ल्यांतून फिरलेल्या माणसाला हे फारसं परकं वाटणार नाही. पाकीट पुढच्या खिशात, पिशवी छातीशी, एवढं सांभाळलं की पुरे.

पहिला दिवस राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाला द्या. मेट्रोचं ‘मुझेओ’ स्थानक अगदी समोर आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडली गेली. तिथल्या घरांतली उत्तमोत्तम भित्तिचित्रं, मोझेक, भांडी, मूर्ती काढून या संग्रहालयात आणली आहेत. लोक आधी पाँपेई बघतात आणि उघड्या भिंतींना कंटाळतात. क्रम उलटा करा. संग्रहालय डोळ्यांत असलं की दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या खोल्या आपोआप भरत जातात.

या संग्रहालयात ‘गुप्त दालन’ म्हणून एक विभाग आहे, शृंगारिक वस्तूंचा. तिथे साधारण वीतभर उंचीची एक हस्तिदंती बाई उभी आहे. गळ्यात हार, हातभर बांगड्या, पायांत जड वाळे, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात ती सापडली आणि तिला ‘पाँपेईची लक्ष्मी’ हे नाव पडलं. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असं आता बरेच अभ्यासक मानतात. डोक्यावरच्या छिद्रावरून ती एखाद्या आसनाचा किंवा आरशाचा भाग असावी असंही म्हटलं जातं. ती भारतातून गेली यावर मात्र वाद नाही. अगदी याच घडणीचं हस्तिदंती काम जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळालं, आणि धाराशिवजवळच्या तेरच्या लामतुरे संग्रहालयातही त्याच जातीची बाहुली आहे. सातवाहनांच्या काळातल्या व्यापारी मार्गावरची ही गावं. दुसऱ्या टोकाला कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती निघाली, ती तिकडची. त्या हस्तिदंती बाईच्या काचेपुढे मी बराच वेळ उभी होते. इतक्या लांब आपलं कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी येऊन राहिलंय असं वाटत राहिलं. जाण्याआधी तेरला जाऊन आलात तर ही भेट दुप्पट मोलाची होईल. दालन कधी कधी ठरावीक वेळीच उघडं असतं, म्हणून तिकीट घेतानाच विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी पाँपेई. नेपल्सच्या गारिबाल्दी स्थानकातून चिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल पकडायची आणि ‘पाँपेई स्कावी’ या थांब्यावर उतरायचं. पाऊण तासाच्या आत पोचता. आताच्या पाँपेई गावाचं स्थानक वेगळं आहे, नावावरून गफलत होते. दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे, तेव्हा तिकीट आधी घ्या आणि नऊला दारात राहा. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच.

सगळं बघायचा हट्ट नको. एक भट्टी शोधा: अंगणात काळ्या लाव्हाच्या दगडाची माणसाच्या छातीएवढी जाती आहेत, गाढवं जुंपून फिरवायची. रस्त्यावरचं एक खाण्याचं दुकान बघा, ओट्यात गोल भोकं आणि त्यांत बसवलेले रांजण. रस्ता ओलांडायला ठेवलेले उंच दगड आणि त्यांच्या मधून गेलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या बघा. मग अगदी टोकाला असलेल्या व्हिला देई मिस्तेरी या घरातली चित्रांची लाल भिंत. बरोबर वयस्कर माणसं असतील तर पाँपेईऐवजी एर्कोलानो हे त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं दुसरं गाव निवडा. ते आटोपशीर आहे, दोन तासांत होतं, आणि तिथे जळून कोळसा झालेल्या लाकडी तुळया अजून जागेवर आहेत.

रोम: छोट्या दारांतून आत

कोलोसियम, फोरम, व्हॅटिकन यांबद्दल मी थोडकंच लिहिते, कारण तिथे तुम्ही जाणारच आहात. व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपलमध्ये फोटो काढू देत नाहीत. भिंतीलगत बाकं आहेत, जागा मिळेपर्यंत थांबा आणि बसून मान वर करा. छत मायकलअँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये रंगवलं, समोरचा ‘अंतिम न्याय’ त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी. एकाच माणसाच्या हाताने दोन वयांत काढलेल्या त्या दोन चित्रांतला फरक बघा. पँथिऑन या प्राचीन मंदिराला आता तिकीट आहे. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, जमिनीपासून उंचीही तेवढीच, आणि मधोमध आकाशाला उघडं भोक. पाऊस आला तर तडक तिकडे जा. पाणी आत पडतं आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातं, गेली एकोणीस शतकं.

रोमचं खरं धन मात्र फुकट आहे आणि साध्या चर्चमध्ये आहे. संग्रहालयातलं चित्र आपल्या जागेवरून उचलून आणलेलं असतं. चर्चमधलं चित्र ज्या भिंतीसाठी काढलं त्याच भिंतीवर असतं, आणि त्याने सगळा फरक पडतो. नवोना चौकाजवळ सान लुइजी देई फ्रांचेझी हे चर्च आहे. डावीकडच्या शेवटच्या उपमंदिरात काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं लागली आहेत. डाव्या भिंतीवरच्या चित्रात जकात गोळा करणारी माणसं टेबलाभोवती पैसे मोजत बसलीत आणि उजवीकडून उजेडाचा एक पट्टा त्यांच्यावर पडलाय. आता मान वळवून बघा: खरी खिडकीही उजवीकडेच आहे, वेदीच्या वर. चित्रकाराने त्याच उजेडाला चित्रात आत घेतलं. ही गोष्ट छापील पानावर कधीच कळली नसती. तिथला दिवा नाणं टाकल्यावर लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. खिशात एक युरो आणि पन्नास सेंटची नाणी ठेवा, आणि दुसऱ्यांच्या नाण्यावर बघून निघून जाऊ नका, एकदा आपलंही टाका.

दुसरं, कोलोसियमपासून चालत दहा मिनिटांवरचं सान क्लेमेंते. वर बाराव्या शतकातलं चर्च, छताशी सोन्याचं मोझेक. तिकीट काढून जिना उतरलात की चौथ्या शतकातलं चर्च. आणखी खाली उतरलात की पहिल्या शतकातली रोमन गल्ली आणि मिथ्र देवाचं अंधारं मंदिर. तळाशी कुठेतरी वाहतं पाणी ऐकू येतं. रोम कसं घडलं हे मला तास-दीड तासात या जिन्याने समजावलं.

पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, नाकासारख्या तोटीचे, म्हणून त्यांना ‘नाझोनी’ म्हणतात. पाणी गार आणि पिण्यायोग्य असतं. ‘नॉन पोताबिले’ लिहिलेलं असेल तिथे फक्त पिऊ नका.

शाकाहारी माणसाचं जेवण

बरोबर मेथीचे ठेपले न्या, पण रोज तेच खाऊ नका. शाकाहारी माणसाला इटलीत उत्तम जेवायला मिळतं, फक्त शब्द माहीत हवेत. ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नको. हे दोन्ही म्हणायचं, कारण नुसतं ‘कार्ने नको’ म्हटलं तर मासळी किंवा हॅमचे तुकडे येऊ शकतात. सूपाला विचारा ते ‘ब्रोदो’ कशाचं आहे, बहुधा मांसाचं असतं. पार्मिजानो आणि पेकोरिनो या चीजमध्ये प्राण्याच्या जठरातलं विरजण वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी ‘सेंत्सा फोर्माज्जो’ सांगावं. पिझ्झा मरिनारा हा त्यांचा हक्काचा: नाव दर्यावर्दी, पण वर टोमॅटो, लसूण, ऑरेगानो आणि तेल एवढंच. नेपल्समध्ये तोच खा. पिझ्झा बनवण्याची तिथली कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली.

फ्लॉरेन्सला पाव, पांढरा राजमा आणि काळपट कोबी शिजवून केलेलं ‘रिबोल्लिता’ आणि शिळ्या पावाचं टोमॅटोतलं ‘पाप्पा अल पोमोदोरो’ जरूर खा. शिळ्या भाकरीचा, पोळीचा कुस्करा करणाऱ्या घरात हे पदार्थ लगेच आपले वाटतात. तोस्काना या फ्लॉरेन्सच्या प्रांतात किनाऱ्याकडे ‘चेचिना’ मिळते, पलीकडे लिगुरियात तिलाच ‘फारिनाता’ म्हणतात. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, आणि भट्टीत भाजलेलं. बेसनाचं धिरडंच, जरा जाड.

कॉफी उभ्याने प्यायची. काउंटरवर उभं राहून प्यायल्यास एक दर, टेबलाशी बसल्यास दुसरा, आणि चौकातल्या टेबलाशी तो कितीतरी पट होऊ शकतो. दूध घातलेली कॉफी सकाळची. जेवणानंतर तिथलं कुणी कापुच्चिनो मागत नाही. बिलात माणशी एक ते तीन युरो ‘कोपेर्तो’ दिसेल, तो बसण्याचा आकार आहे, फसवणूक नाही. वर टिप देण्याचं बंधन नसतं.

फ्लॉरेन्स: ओल्या चुन्यातले रंग

इथे येईपर्यंत तुम्ही पुष्कळ भित्तिचित्रं बघितली असतील. आता ती होतात कशी हे समजून घ्या, म्हणजे फ्लॉरेन्स उघडेल. अजिंठ्याला मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा हात देऊन, तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात रंग कालवून काढलं. इटलीतल्या खऱ्या फ्रेस्कोत उलट आहे. चुन्याचा शेवटचा थर ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडासारखा घट्ट होतो आणि रंग त्यात कोंडला जातो. म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा. त्या तुकड्याला ‘जोर्नाता’ म्हणतात, म्हणजे दिवसाचं काम. तिरक्या उजेडात भिंतीकडे बाजूने बघितलं तर हे सांधे दिसतात, आणि एका चेहऱ्याला एक अख्खा दिवस दिलेला असतो हे कळतं. लिओनार्दोने मिलानमधलं ‘अंतिम भोजन’ कोरड्या भिंतीवर रंगवलं, आणि ते त्याच्या हयातीतच खपल्या धरू लागलं.

हे बघायला सान मार्कोच्या मठात जा, सकाळीच, कारण दुपारी ते बंद होतं. पंधराव्या शतकात फ्रा आंजेलिको हा भिक्षू-चित्रकार इथे राहायचा. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी भिक्षूंच्या चाळीसहून अधिक खोल्यांत एकेक चित्र काढलं, एकट्याने ध्यान करताना समोर असावं म्हणून. जिना चढून वर आलात की समोरच ‘देवदूताची वार्ता’ आहे. कान्हेरीच्या विहारांत ज्या प्रकारची शांतता असते, तशी इथे आहे. पाच-सात खोल्यांत दोन-दोन मिनिटं उभं राहा, एवढंच करा.

कॅथेड्रलचा घुमट १४२० ते १४३६ मध्ये ब्रुनेलेस्कीने खालून आधाराचा लाकडी सांगाडा न उभारता बांधला. वर चढायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, वेळ आधी ठरवावी लागते. दोन भिंतींच्या मधून चढताना विटांची माशाच्या काट्यासारखी विणलेली रचना हाताला लागते. गुडघे दुखत असतील तर हट्ट करू नका, खाली चर्चमध्ये प्रवेश फुकट आहे.

उफ्फित्सीत शिरताना आना मारिया लुइझा हे नाव आठवा. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातली ती शेवटची. १७३७ मध्ये राज्य दुसऱ्यांच्या हाती जाताना तिने करार करून घेतला की घराण्याचा सगळा संग्रह फ्लॉरेन्सचाच राहील आणि शहराबाहेर जाणार नाही. इटलीतल्या कितीतरी राजघराण्यांचा ठेवा विकला गेला, वाटला गेला. इथला राहिला तो तिच्यामुळे. तीन तासांपेक्षा जास्त वेळ आत थांबू नका, डोळे बधिर होतात.

एक पूर्ण दिवस सिएनासाठी ठेवा. बसने जा, कारण बस जुन्या गावापाशी सोडते आणि रेल्वे स्थानक टेकडीच्या पायथ्याशी आहे. १७ मोहल्ले, प्रत्येकाचा झेंडा, प्राणी, चर्च वेगळं. २ जुलै आणि १६ ऑगस्टला यांच्यातले दहा मोहल्ले चौकात घोडे पळवतात. शर्यत दीड मिनिटाची, तयारी वर्षभराची. सुरुवातीला सांगितलेला तो घंटेच्या मनोऱ्याचा अभिमान इथे गल्लीपर्यंत येऊन पोचलेला दिसतो.

शेवटची संध्याकाळ कास्चिने उद्यानासाठी राखा. आर्नो नदीच्या काठाने पसरलेलं हे लांबलचक उद्यान. ट्रामने त्याच्या शहराकडच्या टोकाला उतरता येतं, तिथून झाडांखालून पश्चिमेकडे चालत राहायचं, तासाभराची वाट आहे. अगदी टोकाला, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे घुमटीदार छत्री आणि तिच्याखाली एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. राजर्षी शाहूंच्या आधीचे. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं वीस. दहनाची तिथे रीत नव्हती. खास परवानगी काढून, आपल्या रिवाजाप्रमाणे दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. १८७४ मध्ये ही छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. फ्लॉरेन्सचे लोक या जागेला ‘इंदियानो’ म्हणतात, जवळच्या मोठ्या पुलाचं नावही तेच.

उन्हं कलण्याआधी तासभर पोचा, म्हणजे परत चालताना अंधार पडणार नाही. जाताना वाटेतल्या फुलवाल्याकडून दोन फुलं घेऊन जा.